प्रेषितांच्या कृत्यांतलं दर्बे आणि मुंबईत राहणारे "दर्बेचे बिशप", हे नेमकं काय आहे?

रविवारची_ताई (सोमवार, रात्री ९:४०)

सगळ्यांना सलाम आणि नमस्कार. प्रश्न जरा वेगळाय पण इथं इतिहासाची आवड असणारे बरेच जण आहेत म्हणून विचारतेय. मी सोलापुरात आमच्या चर्चमध्ये संडे स्कूल घेते, नऊ ते बारा वयाची चौदा पोरं आहेत. काल बायबलमधला प्रेषितांची कृत्ये १४ वा अध्याय घेतला. पौलाला लुस्त्रात दगडमार करतात, मेला समजून गावाबाहेर ओढून टाकतात आणि तो उठून दुसऱ्या दिवशी बर्णबाबरोबर दर्बेला जातो, तो भाग. पोरांना दगडमार लक्षात राहते, दर्बे कुणाच्याच लक्षात राहत नाही कारण तिथं काही घडतच नाही, सुवार्ता सांगतात, पुष्कळ शिष्य मिळतात आणि आल्या वाटेनं परत फिरतात, झालं. पण मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर करून विचारलं, "टीचर, दर्बेत अजून चर्च आहे का?"

मला उत्तर देता आलं नाही. पुढच्या रविवारी सांगते म्हटलं.

घरी येऊन शोधायला बसले तर दर्बेबरोबर एक भलतंच नाव समोर आलं. अनास्तासियस हार्टमन, मूळचे स्वित्झर्लंडचे, कपुचिन संघाचे, आणि पदवी काय तर दर्बेचे बिशप. राहायला कुठं, तर आधी पाटणा, मग १८४९ पासून १८५८ पर्यंत मुंबई! आता तुर्कस्तानातल्या गावाचे बिशप मुंबईत काय करत होते, ते कधी दर्बेला गेले होते का, तिथली माणसं त्यांना आपला बिशप मानायची का, काहीच कळेना. आमच्या घरात अमेरिकन मराठी मिशनची परंपरा, कॅथलिक पद्धती मला नीट माहीत नाहीत. कुणाला माहीत असेल तर साध्या भाषेत सांगा. मला ते मुलांपुढं सांगायचंय आणि चुकीचं सांगायचं नाहीये.

---

सात_रस्ता (सोमवार, रात्री ११:०५)

ताई, मी कॅथलिक, रेल्वेतून रिटायर होऊन सोलापुरातच राहिलोय. सांगतो मला माहीत आहे तसं.

हार्टमन दर्बेला कधी गेले नाहीत आणि जायची गरजही नव्हती, कारण ते दर्बेचे नावापुरते बिशप होते, याला टिट्युलर बिशप म्हणतात. आपल्याकडं पाटीलकी कायद्यानं गेली पण पाटील हे आडनाव राहिलं, अक्कलकोटचं संस्थान १९४८ ला विलीन झालं तरी लोक राजेसाहेब म्हणत राहिले, तसंच काहीसं समजा. एक फरक मात्र मोठाय. पाटीलकी घराण्यात राहते, हे पद घराण्यात जात नाही. एक बिशप वारला किंवा दुसऱ्या पदावर गेला की ते नाव मोकळं होतं आणि पोप ते दुसऱ्या कुणाला तरी देतात.

हे असं का करावं लागलं तर त्याच्या मुळाशी एक जुना नियम आहे. इ.स. ४५१ ला कॅल्सिडनची परिषद झाली, त्यात ठरलं की कुणालाही हवेत दीक्षा द्यायची नाही, ज्याला दीक्षा द्याल त्याला कुठलं तरी गाव, कुठलं तरी चर्च नेमून द्या. म्हणजे बिशप म्हटला की त्याच्यामागं गाव पाहिजेच. पुढं अरबांच्या स्वाऱ्या झाल्या, सेल्जुक तुर्क आले, क्रुसेडवाल्यांनी, म्हणजे युरोपातून धर्मयुद्धाला आलेल्यांनी, जिंकलेली शहरं हातची गेली, अनेक ठिकाणचे बिशप पळून युरोपात आले, पण त्यांच्या नावापुढं गाव तसंच राहिलं. ते वारल्यावर रोमनं ती नावं पुसली नाहीत, नवीन माणसांना देत राहिले. आधी त्याला लॅटिनमध्ये इन पार्तिबुस इन्फिदेलियुम म्हणायचे, म्हणजे अश्रद्धांच्या मुलखातला बिशप. १८८२ ला पोप तेरावे लिओ यांच्या काळात ते बंद करून टिट्युलर हा शब्द आणला. बरं केलं, कारण त्या मुलखात राहणाऱ्या माणसाला ते ऐकून काय वाटत असेल.

आता मुंबईत याची गरज का पडली ते ऐका, कारण खरी गंमत तिथं आहे. पोपनं जुन्या काळी पोर्तुगालच्या राजाला हक्क दिला होता की पूर्वेकडच्या धर्मप्रांतांत बिशप कोण ते राजानं सुचवायचं, त्याला पाद्रोआदो म्हणतात. पुढं राजाची सत्ता आक्रसली पण हक्क काही सोडेना, कितीतरी भागात माणूसच पोचेना. म्हणून रोमनं १६२२ ला प्रोपगांडा नावाचं स्वतःचं खातं काढलं आणि थेट आपली माणसं पाठवायला सुरुवात केली. पण त्यांना "मुंबईचा बिशप" म्हणावं तर राजाचा हक्क मोडतो आणि भांडण होतं. मग युक्ती काढली की माणसाला बिशप करायचं दूरच्या, कुणाचाच दावा नसलेल्या जुन्या गावाचा आणि कामाला पाठवायचं इकडं, पोपचा प्रतिनिधी म्हणून. त्या पदाला व्हिकर अपोस्टोलिक म्हणतात. हार्टमन दर्बेचे बिशप होते ते या हिशोबानं, काम पाटण्याचं आणि मुंबईचं. इंग्रजांनी १७२० लाच मुंबईतून पाद्रोआदोच्या पाद्र्यांना हाकलून व्हिकर अपोस्टोलिकला बोलावलं होतं, तरी दोन बाजूंचं भांडण शंभर-सव्वाशे वर्षं मिटलं नाही. हार्टमन यांच्याच काळात, १८५३ ला, माहीमच्या सेंट मायकल चर्चवर ताबा कुणाचा यावरून इतकं पेटलं की ते चर्चमध्ये आणि बाहेर विरोधकांचा वेढा, अशी वेळ आली. मुंबईचा एक्झामिनर हा कॅथलिक साप्ताहिक अंक त्यांनीच सुरू केलेला, तो आजही निघतो. १८६६ ला पाटण्याकडंच कॉलऱ्यानं गेले.

अजून एक, ताई. १८५४ ला, हार्टमन मुंबईत असतानाच, पुण्याचा भाग मुंबईपासून वेगळा केला गेला आणि १८८६ ला पुणे डायोसीस, म्हणजे बिशपचा धर्मप्रांत, झाला. आमचं सोलापूर त्याच पुणे डायोसीसमध्ये येतं. तुमच्या वर्गातल्या मुलीचं दर्बे तितकंसं लांब नाहीये बघा.

---

होटगीरोडकर (मंगळवार, सकाळी ७:२०)

ताई मी दर्बेला जाऊन आलोय!! खरंच. पोस्ट वाचून अंगावर काटा आला.

आमचा टॉवेलचा धंदा, आणि टेरी टॉवेलमध्ये सोलापूरवाल्यांनी तुर्कस्तानातलं डेनिझली बघितलंच पाहिजे असं आमचे वडील म्हणायचे. काही वर्षांपूर्वी मशीन बघायला गेलो होतो, काम दोन दिवस आधी संपलं. डेनिझलीच्या शेजारीच लावदिकिया आहे, बायबलच्या शेवटच्या पुस्तकातली, प्रकटीकरणातली, तिथं गर्दी असते, बस भरून लोक येतात. मी इतिहासाचा नादी, म्हटलं गर्दी नसेल तिथं जायचं. कोन्याला गेलो, कोन्या म्हणजे तुमच्या पवित्र शास्त्रातलं इकुन्या, आणि तिथून करामान शंभर-सव्वाशे किलोमीटर. करामानपासून ईशान्येला वीसेक किलोमीटरवर एक टेकाड आहे, केर्ती होयुक म्हणतात. तेच दर्बे.

काय आहे तिथं? काही नाही. आपल्याकडं तेरला जसं पांढरीचं टेकाड असतं ना, अगदी तसं. भोवती कापणी झालेलं गव्हाचं रान, सपाट, आपल्या मंगळवेढ्याकडं ज्वारी निघाल्यावर दिसतं तसं नजर पोचेल तिथपर्यंत मोकळं, आणि एका अंगाला करादाग नावाचा विझलेला ज्वालामुखी. एक खांब उभा नाही, एक भिंत नाही. टेकाडावर चढलो तर पायाखाली खापराचे तुकडे कुरकुर वाजत होते, एक उचलला, लाल, एका बाजूनं बोटाची रेघ ओढलेली, कुंभाराची असणार. तिथंच परत ठेवला. उचलून आणणं बरोबर नाही आणि तिथं कायदाही कडक आहे.

आता मुलीच्या प्रश्नाकडं येतो. तिथं चर्च नाही. पण होतं, आणि बरीच शतकं होतं. दर्बे हे इकुन्याच्या हाताखालचं बिशपचं गाव. ३८१ ला कॉन्स्टँटिनोपलला मोठी परिषद झाली, आज तुम्ही म्हणता तो नायसीन विश्वासांगीकार त्या परिषदेशी जोडला जातो, तिला दर्बेचे बिशप दाफ्नुस हजर होते. म्हणजे एवढ्याशा गावचा माणूस तिथं बसलेला होता. पुढं सातव्या शतकापासून अरबांच्या स्वाऱ्या सुरू झाल्या, दरवर्षी उन्हाळ्यात येणार, लुटणार, जाणार, आणि असली सपाटीवरची गावं कुठं लपणार. लोक डोंगराकडं गेले. त्या करादागच्या अंगाखांद्यावर बिनबिर किलिसे म्हणून जागा आहे, म्हणजे एक हजार एक चर्चेस. पडक्या चर्चेसचा नुसता ढीग. गर्ट्रूड बेल आणि विल्यम रॅमसे या ब्रिटिश संशोधकांनी १९०७ ला तिथं काम केलं. १०७१ च्या मान्झिकर्टच्या लढाईनंतर सेल्जुकांनी सगळं पठार घेतलं, कोन्या तर त्यांची राजधानीच झाली.

आणि सगळ्यात मला हलवून गेलेली गोष्ट अशी की मधल्या काळात दर्बे नक्की कुठं होतं तेच लोक विसरले होते. रॅमसेसारखा मोठा माणूस, त्यानं दुसरंच टेकाड धरलं होतं. १९५६ ला मायकल बॅलन्स नावाच्या इंग्रज संशोधकाला केर्ती होयुकला एक दगड मिळाला, त्यावर ग्रीकमध्ये दर्बेच्या सभेनं आणि लोकांनी कोरलेला लेख, इ.स. १५७ चा, रोमन सम्राट अँटोनायनस पायस याच्या काळातला. तो दगड मी कोन्याच्या म्युझियममध्ये बघितला. पुढं दुसरा एक दगड मिळाला, त्यावर दर्बेचे बिशप मिखाएल यांचं नाव. म्हणजे विचार करा, हार्टमन दर्बेचे बिशप म्हणून सही करत होते तेव्हा दर्बे कुठं आहे हे जगात कुणालाच पक्कं माहीत नव्हतं!! गाव हरवलं होतं आणि नाव चालू होतं.

---

कडक_भाकरी (मंगळवार, दुपारी १:१५)

लई भारी माहिती दादा, आम्ही सगळे ऑफिसात वाचलालोय. पण मला एक पटत नाही, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. जिथं एक माणूस नाही, चर्च नाही, घंटा नाही तिथला बिशप म्हणवून घेण्यात काय अर्थ आहे. तिथली माणसं गेली, मारली गेली किंवा धर्म बदलला, काय झालं असेल ते, आणि त्यांच्या गावाचं नाव युरोपातल्या लोकांनी आपल्या सोयीसाठी वापरायचं. कागदावरच्या गावापेक्षा सरळ मुंबईचा बिशप म्हटलं असतं तर जास्त खरं झालं नसतं का?

---

सात_रस्ता (मंगळवार, संध्याकाळी ६:३०)

राग कशाला, बेटा, प्रश्न रास्त आहे. सोयीसाठी वापरलं हे खरंच, मी वर तेच लिहिलंय. आजही बहुतेक वेळा सोयच असते. मोठ्या डायोसीसमध्ये मदतनीस बिशप लागतो, पोपचा राजदूत बिशप असतो, त्यांना गाव लागतं म्हणून ही नावं. आधी रिटायर झालेल्या बिशपलाही असं गाव द्यायचे, १९७० नंतर ते थांबलं, आता ते आपल्या जुन्या डायोसीसचेच निवृत्त बिशप म्हणवतात. जास्त खरं वाटतं, तुझ्या म्हणण्यासारखंच.

पण एक सांगतो. फ्रान्समध्ये एव्रो म्हणून डायोसीस आहे, तिथले बिशप जाक गायो, गरिबांच्या, बेघरांच्या बाजूनं फार उघड बोलायचे, वरच्यांशी पटलं नाही. जानेवारी १९९५ मध्ये त्यांना तिथून काढलं आणि पार्तेनिया हे नाव दिलं. पार्तेनिया म्हणजे अल्जीरियातलं, सेतिफच्या पठाराकडचं, केव्हाच नाहीसं झालेलं गाव. त्याच्याबद्दल काय माहीत आहे? तर ४८४ ला व्हँडल राजा हुनेरिकनं बिशपांना कार्थेजला बोलावून घेतलं त्यात तिथले बिशप रोगातुस होते आणि त्यांना हद्दपार केलं. संपलं. माणूस गप्प बसेल म्हणून दिलेलं गाव. गायोंनी काय केलं तर १९९६ ला पार्तेनियाच्या नावानं वेबसाइट काढली, सीमा नसलेला धर्मप्रांत, ज्याला कुठंच जागा नाही त्यानं इथं यावं म्हणून. इंटरनेट नवं होतं तेव्हा. जगभरातून लोक लिहायला लागले. २०२३ ला वारले. मी रेल्वेच्या नोकरीत असताना आमच्या फादरांनी हे प्रवचनात सांगितलं होतं आणि तेव्हापासून मला रोगातुस हे नाव पाठ आहे. पंधराशे वर्षांपूर्वी घालवून दिलेला माणूस आणि त्याचं गाव घालवून दिलेल्या दुसऱ्या माणसाला मिळालेलं. त्याला कागद म्हणायला माझी जीभ वळत नाही.

---

विजापूर_वेस (मंगळवार, रात्री १०:५०)

उशिरा येतोय, पण दर्बेच्याही आधीचं आणि आपल्या फार जवळचं एक नाव कुणी घेतलं नाही म्हणून लिहितो.

मातेउस द कास्त्रो महाले. गोव्यातल्या दिवाडी बेटावरचा, ब्राह्मण घराण्यातून ख्रिस्ती झालेल्या कुटुंबातला मुलगा. गोव्याच्या आर्चबिशपनं त्याला दीक्षा द्यायला नकार दिला, कारण तो इथला, काळा. तो रोमला गेला आणि तिथं शिकून पाद्री झाला. १६३७ ला त्याला रोममध्येच बिशप केलं. लॅटिन चर्चचा पहिला भारतीय बिशप. आता त्याला गोव्याचा बिशप करता येत नाही, पोर्तुगालचा राजा आडवा, म्हणून सात रस्ता काकांनी सांगितलं तीच युक्ती, पदवी क्रिसोपोलिसचा बिशप, म्हणजे सोन्याच्या गावाचा बिशप, आणि नेमणूक कुठं? इदलखानाच्या राज्यात. इदलखान म्हणजे पोर्तुगीजांच्या तोंडचा आदिलखान, आपली विजापूरची आदिलशाही!

आता हे बघा. १६३६ ला शहाजहान आणि आदिलशहाचा तह झाला, निजामशाही वाटून घेतली, त्यात परांडा आणि सोलापूर आदिलशहाकडं आले. म्हणजे १६३७ ला जेव्हा रोममध्ये या माणसाला आदिलशाहीचा व्हिकर अपोस्टोलिक केलं तेव्हा आपला भुईकोट किल्ला आदिलशाहीतच होता. कागदोपत्री का होईना, सोलापूर त्याच्या हद्दीत. तो इथं आला होता असं मी म्हणत नाही, त्याचं ठाणं डिचोलीला होतं, आज गोव्यात आहे पण तेव्हा विजापूरकरांच्या ताब्यात. तिथं बसून त्यानं गोव्यातल्या देशी पाद्र्यांची बाजू घेतली, पोर्तुगीज त्याला देशद्रोही म्हणत राहिले, आणि शेवट त्याचा रोमलाच झाला. त्याच्या पुतण्यालाही, तोमास द कास्त्रो, असंच एका लांबच्या गावाचा बिशप करून कानडा मुलखात पाठवलं.

कडक भाकरी भाऊ, तुमचं म्हणणं मला अर्धं पटतं. पण याच पद्धतीमुळं एका गोवेकराला बिशप होता आलं. सरळ मार्गानं कुणी होऊ दिला नसता. मला हा माणूस शाळेच्या पुस्तकात भेटायला हवा होता, भेटला नाही, पस्तिशी उलटल्यावर भेटला याचं वाईट वाटतं.

आणि जाता जाता, उलटी गोष्टही महाराष्ट्रातच आहे. सहाव्या शतकात कॉसमास नावाचा ग्रीक प्रवासी लिहितो की कॅलियानात इराणहून नेमलेला बिशप आहे. बहुतेक अभ्यासक ते आपलं कल्याण मानतात. तो धर्मप्रांत मागमूस न राहता गेला. आणि १९८८ ला कल्याणच्या नावानं केरळातल्या सिरो मलबार कॅथलिक पंथाचा नवा धर्मप्रांत झाला, खरा, माणसं असलेला.

---

कडक_भाकरी (मंगळवार, रात्री ११:३०)

विजापूर वेस सर, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी रोज त्या किल्ल्यावरून गाडी घालतो. माझा शब्द अर्धा मागं घेतो, सोयीचं आहे हे धरून ठेवतो, अर्थ नाही हे सोडतो.

पण मला त्या दर्बेच्या लोकांचं अजून कळेना. सगळे डोंगरात गेले आणि संपले का?

---

होटगीरोडकर (बुधवार, सकाळी ६:५५)

संपले नाहीत. दर्बेचेच वंशज म्हणून बोट दाखवता येणार नाही, पण त्या करामान भागात १९२३ पर्यंत ख्रिस्ती लोक होते. त्यांना करामानली म्हणतात. धर्म ऑर्थोडॉक्स, पण घरात बोली तुर्की, आणि ती तुर्की ते ग्रीक अक्षरांत लिहायचे, प्रार्थनेची पुस्तकंसुद्धा. आपल्याकडं पूर्वभागात तेलुगू घरातलं पोरगं मराठी शाळेत शिकतं आणि देवासमोर तेलुगूच म्हणतं, तशी सरमिसळ. १९२३ ला तुर्कस्तान आणि ग्रीसमध्ये करार झाला, लोकांची अदलाबदल, आणि ती भाषेवर नाही तर धर्मावर केली. मग ज्यांना ग्रीक धड येत नव्हतं ते ग्रीसला पाठवले गेले, तिथं गेल्यावर तिथले लोक त्यांना तुर्क म्हणायला लागले.

टेकाडाखालच्या गावातल्या एका म्हाताऱ्यानं मला चहा पाजला होता, छोट्या काचेच्या पेल्यात, दोन खडीसाखरेसारखे साखरेचे तुकडे बशीत. मी दर्बे म्हटल्यावर त्यानं टेकाडाकडं हात केला आणि मान हलवली, नाव त्यालाही माहीत होतं.

---

रविवारची_ताई (रविवार, दुपारी २:१०)

आज वर्ग झाला. सगळ्यांचे किती आभार मानू कळत नाही.

फळ्यावर नकाशा काढला, दर्बे, मग रोम, मग पाटणा, मुंबई, आणि खाली विजापूर, सोलापूर, गोवा. मुलीला सांगितलं, दर्बेत आज चर्च नाही, टेकाड आहे आणि गव्हाचं रान आहे. तिचं तोंड जरा उतरलं. मग दाफ्नुस सांगितले, मिखाएलचा दगड सांगितला, हरवलेलं गाव परत सापडलं ते सांगितलं, हार्टमन सांगितले. महालेंचं सांगताना पोरं एकदम गप्प झाली, काळा म्हणून नको म्हटलं हे त्यांना बरोबर कळतं, त्यांना समजावून सांगावं लागत नाही.

शेवटी कृत्ये २० वा अध्याय उघडला, पौलाबरोबर प्रवासाला कोण कोण होतं ती यादी. त्यात दर्बेचा गायस आहे, आणि आपल्या मराठी पवित्र शास्त्रात त्याला दर्बेकर म्हटलंय. माझी इतकी वर्षं नुसती वाचून पुढं गेलेली ओळ. ती मुलगी म्हणाली, "दर्बेकर म्हणजे सोलापूरकरसारखंच की, टीचर." आणि वहीच्या पहिल्या पानावर स्वतःच्या नावापुढं सोलापूरकर लिहून घेतलं, तिच्या शेजारचीनं पण, मग सगळ्या वर्गानं.

होटगीरोडकर दादा, त्या टेकाडाचा एखादा फोटो असेल तर पाठवाल का? मोठा प्रिंट काढून वर्गाच्या भिंतीला लावायचाय. आणि विजापूर वेस सर, डिचोलीला महालेंच्या काळातलं काही उरलंय का बघायला? मे महिन्यात आमचं मंडळ गोव्याला जातंय.